वितीला बोट

संक्रांतीला मी माहेरी गेले होते. परत निघताना आईनं हुरड्याची कणसं धाटांसकट बांधून दिली. "धाटं असू दे, कणसं वाटेत सुकायची नाहीत," म्हणाली. गंगाखेडहून चाकणपर्यंत ती पेंडी मी बसमध्ये पायाशी धरून आणली. महाळुंग्यातल्या आमच्या खोलीच्या दारात बसून कणसं खुडली आणि उरलेली धाटं कचऱ्यात टाकायला उचलली, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला.

"ए पोरी, टाकू नगंस ती!"

आवाज आमच्या घरमालकीणबाईंचा, शालनबाईंचा. आम्ही भाडेकरू त्यांना मावशी म्हणायचो. खाली खोल्यांची रांग होती. तिच्यात लातूर, परभणी, जळगावकडून कंपनीत कामाला आलेली आमच्यासारखी कुटुंबं. वरच्या मजल्यावर मावशी, त्यांचे मालक दत्तोबा, मुलगा धनेश आणि सून विजयश्री. वर्षभर राहूनही माझं त्यांच्याशी बोलणं पाण्याची मोटर आणि लाईट यांच्यापलीकडं गेलं नव्हतं. नऊवारी नेसणारी, सत्तरी ओलांडलेली, चांगली उंच बाई. खरं सांगायचं तर मला त्यांचा धाकच वाटायचा.

भिंतीला धरून, गुडघे सांभाळत त्या जिना उतरून आल्या. माझ्या हातातलं एकेक धाट त्यांनी बोटांत फिरवलं, एकाची साल नखानं सोलली, आतलं पांढरं भेंड दाबून पाहिलं.

"वली हायती अजून. वाळवीन मी." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमच्यात आता जवारी कुणी पेरीत न्हाई बघ. पेरायचो तितं कंपन्या उभ्या ऱ्हायल्या."

"मावशी, शेळी पाळलीय का?"

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "चल वर. दावते तुला शेळी."

वरच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी पलंग होता. त्यावर गादी नव्हती. त्यावर एक ट्रॅक्स उभी होती.

मी कंपनीत वायरिंगच्या लाईनवर काम करते. गाडीच्या पोटात जाणाऱ्या वायरी दिवसभर बांधायच्या, हे माझं काम. गाडी बघून नवल वाटावं असं माझं काही राहिलेलं नाही. पण त्या पलंगापाशी मी उभी राहिले ती राहिलेच.

ती अख्खी ट्रॅक्स ज्वारीच्या धाटांची होती. लहानपणी आम्हीही धाटांच्या बैलगाड्या करायचो. भेंडाचे तुकडे घ्यायचे, त्यांत सालीच्या काड्या खुपसायच्या, झाली गाडी. इथंही तेवढंच होतं, भेंड आणि साल. ना डिंक, ना खिळा, ना रंग. पण सालीच्या पिवळ्या, तुकतुकीत पट्ट्या एकीला लागून एक अशा बसवल्या होत्या की गाडीला पत्र्याचं अंग आल्यासारखं दिसत होतं. टपावर सामानाचा कठडा, त्याला मागून चढायची शिडी. दारं उघडत होती. दाराच्या आत काच खालीवर करायचं हँडल होतं, तांदळाच्या कणीएवढं. पुढच्या मडगार्डवर मात्र साल तांबूस डागाळलेली होती.

"इथं डाग पडलेत," मी म्हणाले.

"पडलं न्हाईत. निवडून लावलंत. तितं गंजली व्हती ती."

धाटावर कधी कधी तांबडे डाग येतात, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडं जनावरंही तसलं धाट बाजूला सारतात. मावशींनी ते डाग हुडकून काढून नेमके गंजाच्या जागी बसवले होते.

मी भीत भीत स्टिअरिंगला बोट लावलं. पुढची दोन्ही चाकं वळली. काहीतरी मोडलं असं वाटून मी हात झटकन मागं घेतला.

"भिऊ नगंस. खाली ठिव आन ढकल जरा."

फरशीवर ठेवून मी ती हलकेच ढकलली. गाडी निघाली आणि जाता जाता डावीकडं वळली. सरळ करून परत ढकलली. परत डावीकडं.

"मावशी, एक चाक तिरकं बसलंय वाटतं."

"तिरकं न्हाई. डावीकडं वढायचीच ती. लई गॅरेजं पालथी घातली, जन्मात सुधारली न्हाई. मग सरळ जाणारी कशी करू? ती मग दुसऱ्या कुणाची तरी गाडी हुईल."

एवढ्यात आतल्या खोलीतून दत्तोबा ओरडले, "डायवर, पोरीला च्या तरी टाक!"

"किलिंडरनं टाकावा," मावशी म्हणाल्या. आणि खरोखरच थोड्या वेळानं दत्तोबा, त्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा, हातात तीन कप घेऊन बाहेर आले.

नवरा-बायको एकमेकांना डायवर आणि किलिंडर म्हणत ते थट्टेनं नव्हे. ते तसेच होते. त्या दुपारी चहा पिता पिता मला सगळं कळलं.

महाळुंग्याच्या माळावर पहिल्या कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. कामाला माणसं यायला लागली होती, पण चाकणहून इकडं यायला धड साधन नव्हतं. तात्यांनी वडाप करायला, म्हणजे माणसं भरून ने-आण करायला, एक जुनी जीप घेतली. घेतली खरी, पण तात्यांचा सगळा जन्म बैलांच्या मागं गेलेला. शिकवणारा शेजारी बसलेला असताना समोर म्हैस आली. तात्यांनी ब्रेक दाबलाच नाही. "हो, हो, हो रं!" म्हणत त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी कासऱ्यासारखं मागं ओढलं. म्हैस बाजूला झाली आणि जीप कांद्याच्या वाफ्यात उतरली. दुसऱ्या खेपेला ती मारुतीच्या पाराला जाऊन भिडली.

"मी म्हनलं, सरका," मावशी म्हणाल्या. "पदर खवला आन बसले. शिकवणारा मानूसच उतराया लागला. त्याला म्हनलं, बस गप."

"मी बी उतरलो व्हतो," तात्या म्हणाले.

"तुमी उतरलाच न्हाई. मागं लटकला व्हता."

"तेच म्हनतो मी. तवापासनं मागंच ऱ्हायलो."

कंपन्यांसाठी सपाट केलेल्या मोकळ्या माळावर मावशी गाडी शिकल्या. लायसन निघालं. पण बाई गाडी चालवते म्हटल्यावर पहिले काही दिवस चाकणच्या चौकात जीप रिकामीच उभी राहायची. माणसं यायची, स्टिअरिंगवर नऊवारी बघायची आणि मागं फिरायची. शेवटी चिमाबाई नावाची भाजीवाली आपल्या टोपल्या घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्या टोपल्या कुनी बी न्या, मला काय करायचंय?" टोपल्या सुखरूप पोचल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं बसले. पुढं पुढं तर शालनबाईंच्या जीपसाठी लोक दुसरी गाडी सोडू लागले, कारण त्या खड्डा बघून गाडी हळू करायच्या. मावशी पुढं आणि तात्या मागच्या पायरीवर उभे, "चाकण, चाकण, चाकण" करत. अशी त्यांनी कितीतरी वर्षं काढली. जीप थकल्यावर ट्रॅक्स घेतली. मग तात्यांना मागं लटकणं होईना, तेव्हा मावशींनी ओम्नी घेऊन शाळेची मुलं नेली, तेवढी गाडी त्यांनी एकटीनं चालवली. शेवटी गुडघ्यांनी क्लच दाबू दिला नाही. जीप आधीच भंगारात गेली होती, ट्रॅक्स राजगुरुनगरला, म्हणजे त्यांच्या तोंडी खेडला, कुणीतरी नेली, ओम्नीही गेली.

"दारात गाडी न्हाई म्हनल्यावर हाताला चैनच पडंना," मावशी म्हणाल्या. "एक दिवस ह्यांनी कुठनं तरी चार धाटं आनली, खराट्याला बांधायला. म्या ओम्नी केली."

"आन खराटा ऱ्हायला तसाच," तात्या म्हणाले.

ओम्नी कपाटावर होती, दार सरकवायच्या खाचेसकट. मी विचारलं, माप कसं घेता?

"वितीला बोट. खऱ्या गाडीवर एक वीत आसंल तर हितं एक बोट. माझ्या एका वितीत बारा बोटं बसत्यात."

"पण खरी गाडी तर नाही आता. मग वीत टाकता कशावर?"

मावशींनी कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. उजवा हात समोर हवेत धरला, अंगठा आणि करंगळी ताणली, आणि वीत टाकत टाकत हात पुढं चालवायला लागल्या. एक, दोन, तीन. मध्येच तळहात जरा उचलला गेला, तिथं बॉनेटला उंचवटा असणार. "रोज सकाळी धुवायची मी. फडकं पुढं, हात त्येच्या मागं. हाताला ठावं हाय सगळं." हवेत चालणारा तो हात टोकाशी आला आणि सावकाश खाली वळला. माझ्या गुडघ्यापाशी. तिथं काही नव्हतं, तरी मी पाय मागं घेतला.

मग त्या म्हणाल्या, "जीप ऱ्हायलीय. ती पयली. पर तिला चांगली धाटं पायजेत, जाड पेराची. हुरड्याच्या धाटांनी न्हाई जमायचं."

"मी आणते," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

काढणी झाल्यावर मी वडलांना फोन केला. त्यांना आधी खरंच वाटेना. कडबा कशाला हवाय, तिकडं जनावर घेतलं का, म्हणून त्यांनी तीनतीनदा विचारलं. पण नंतर त्यांनी इतकी निवडक धाटं पाठवली की मावशी बराच वेळ नुसत्या त्यांवरून हात फिरवत बसल्या. माझा नवरा कुलदीप ती पेंडी मोटारसायकलला आडवी बांधून चाकणहून घेऊन आला, तर वाटेत ट्रकवाले त्याला बघून हॉर्न वाजवत होते.

उन्हाळाभर फर्स्ट शिफ्ट करून आले की मी वर जाऊन बसायची. मावशी जमिनीवर पाय पसरून काम करायच्या. अर्धं ब्लेड, एक दाभण आणि पाण्याची वाटी, एवढीच हत्यारं. सालीची कड बोटाला कापते, त्यांच्या बोटांवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या. एकेक पट्टी पाण्यात भिजवायची, वाकवायची, सुकेपर्यंत धरून ठेवायची. बघता बघता बॉनेट आलं, पुढची उभी जाळी आली, दिवे आले. गिअरचा दांडा पुढंमागं होत होता. ड्रायव्हरच्या सीटखाली पाना ठेवायचा खण होता आणि त्यात भेंडाचा पाना होता. मी मान खाली करून त्या खणात बघितलं. तो पाना कुणाला दिसणारही नव्हता.

तात्या खुर्चीत बसून हरकती घ्यायचे.

"आरसा उजवीकडंच व्हता."

"दोनी बाजूला व्हता."

"डावा पडला व्हता की, खेडच्या बाजारात. बैलानं पाडला."

"त्येच्या आधीची करतीय मी."

पण बॉनेट, स्टिअरिंग, पुढची सीट इथपर्यंतच मावशींचा शब्द. सीटच्या मागं गाडी सुरू झाली की तात्यांचा. ट्रॅक्स करतानाही असंच झालं होतं. "मागं बाक किती लांब धरू?" मावशी विचारायच्या, आणि तात्या ऐटीत म्हणायचे, "आली का माझ्याकडं! तू कवा मागं आलीस ग? तुला काय ठावं?" मावशी पुढचा भाग पुरा करून थांबल्या. मागचं सांगायला तात्या तयार होते, पण त्यांना घाई नव्हती. "आखाड सरू दे. निवांत सांगतो," म्हणाले.

आषाढातच एका दुपारी जेवून तात्या आडवे झाले. चहाच्या वेळेला विजयश्री उठवायला गेली तर ते उठले नाहीत.

दशक्रियेला सगळा गाव लोटला होता. मावशी रडल्या, भेटायला येणाऱ्यांशी बोलल्या, जेवल्याही. पण धाटांना हात लावला नाही. जीप पलंगावर तशीच होती. पुढून पाहिलं तर आता सुरू होऊन निघेल अशी, आणि मागं नुसत्या चार काड्या. एक दिवस त्यांनी तिच्यावर जुनं पातळ टाकलं.

मुलगा, धनेश, फार हळवा झाला होता. त्यानं मोबाईलवर तसल्या जीपचे पुष्कळ फोटो शोधून आईला दाखवले. मावशींनी ते सगळे शांतपणे बघितले.

"ह्या आपल्या न्हाईत बाळा. आपलं मागचं सगळं चाकणच्या गॅरेजात वाढवून घेतल्यालं. तसली दुसरी गाडी नव्हती."

घरात जीपचा एकच फोटो होता, दसऱ्याचा. झेंडूची माळ घातलेलं बॉनेट, शेजारी मावशी. मागचं काहीच दिसत नव्हतं.

"पण आई, इतकी वर्षं तू गाडी चालवलीस. थोडं तरी आठवत असेल."

"मी कवा मागं बघितलं?" मावशी म्हणाल्या. "आरशात रस्ता बघायची. मागं ह्ये हायती म्हनल्यावर मला बघायचं कारनच नव्हतं. धुवायला बी पुढनं मी आन मागनं ह्ये." मग त्या म्हणाल्या, "मागची गाडी त्यांची व्हती. ती ते घिऊन गेलं."

धनेशनं मोबाईल खिशात ठेवला.

श्रावणात एका रविवारी पिंपळे गुरवहून गणराज नावाचा एक माणूस आला. पन्नाशीकडं झुकलेला, कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर. तात्या गेल्याचं त्याला उशिरा कळलं होतं. बीडकडून पहिल्यांदा कामाला आला तेव्हा तो रोज मावशींच्या जीपनं यायचा, बसायला जागा नसली की मागं लटकून, असं तो सांगत होता. बोलता बोलता त्यानं पलंगाकडं बघून विचारलं, "हे काय झाकलंय?"

विजयश्रीनं पातळ उचललं.

गणराज खुर्चीतून उठून गुडघ्यांवर बसला. त्यानं पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं आणि मागं गेला. हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती, बोट नुसतं हवेत फिरत होतं. आणि मग एकदम म्हणाला, "मावशी, दांडा कुठंय?"

"कसला दांडा?"

"मागचा. टपापासून खाली आलेला, डाव्या अंगाला. उन्हाळ्यात असा तापायचा की हातात धरवायचा नाही. मग तात्यांनी त्याला सुतळी गुंडाळली. इथपासून इथपर्यंत." आणि त्यानं हवेत दोन हात धरून दाखवलं.

मावशी उठल्या. गुडघे दुखत असताना इतक्या चटकन उठलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "थांब. हात हलवू नगंस. वीत टाक तिथनं."

त्यानं वीत टाकली. मावशींनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला, ताणला आणि मान हलवली. "तुझी वीत मोठी हाय. माझ्या वितीनं सांग." मग तो धरून राहिला आणि मावशींनी हवेतल्या त्या दांड्यावर स्वतःच्या विती टाकल्या. कितीतरी वर्षांपूर्वी भंगारात गेलेला तो दांडा त्या दोघांच्या मधे उभा होता. विजयश्री आणि मी भिंतीला टेकून बघत राहिलो.

त्या दिवशी संध्याकाळीच मावशींनी धाट हातात घेतलं.

मग विजयश्रीनं निरोप धाडले. जुनी माणसं येऊ लागली. एकटी-दुकटी, सुट्टीच्या दिवशी. चिमाबाई आल्या, त्या आता नातवाच्या आधारानं चालत होत्या. त्यांनी बाकाखाली टोपल्या सरकवायची जागा केवढी होती ते फरशीवर खडूनं काढून दाखवलं. शाळेतले निवृत्त मास्तर उद्धवराव आले. मागच्या ताडपत्रीचा पडदा गुंडाळून बांधायला बंद होते, त्यांतला एक तुटलेला असायचा, हे त्यांना पक्कं आठवत होतं. बाकाचं रेक्झिन कुठल्या टोकाला फाटलं होतं यावरून त्यांची आणि गणराजची चांगलीच जुंपली. एक म्हणे डाव्या, एक म्हणे उजव्या. शेवटी मावशींनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि विचारलं, "तू कुठल्या बाकावर बसायचास? आन मास्तर तुमी?" दोघं समोरासमोरच्या बाकांवर बसणारे निघाले, एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, आणि दोघांचं बोट बाकाच्या एकाच टोकाकडं गेलं. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बोलता बोलता माणसं तात्यांबद्दलही सांगायची. पाऊस असला की बायकांना आत सरकवून ते स्वतः बाहेर भिजत उभे राहायचे. आणि सकाळी मावशींचा चेहरा बघून प्रत्येक उतारूला चढताना हळूच सांगायचे, "आज डायवर रागात हाय. दार दमानं लावा."

"आसं सांगायचे?" मावशींनी विचारलं.

"रोज नाही. पण आठवड्यातनं दोन-तीनदा," मास्तर म्हणाले.

मावशी हसल्या, मग पदरानं डोळे पुसले, आणि परत हसल्या.

गाडीचं मागचं अंग जवळजवळ पुरं झालं तेव्हा चिमाबाई पुन्हा आल्या. डोळे बारीक करून त्यांनी गाडी निरखली आणि म्हणाल्या, "समदं झालं. पर खळगा?"

"कसला खळगा?"

"आगं, तात्या थाप मारायचा न्हवं का पत्र्याला. एक मारली की तू थांबायचीस, दोन मारल्या की निघायचीस. रोज मारून मारून पत्रा आत गेला व्हता तिथला. तळहाताएवढा खळगा. मी त्येच्याच आतल्या अंगाला बसायची, माझ्या खांद्याला लागायचा."

मावशींनी इतकी वर्षं ती थाप ऐकली होती. तिच्यावर भरवसा ठेवून, मागं न बघता, माणसांनी भरलेली गाडी चालवली होती. ती थाप कुठं बसते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"कुटं?" त्यांनी विचारलं.

चिमाबाईंनी त्यांचं बोट धरलं आणि मागच्या कोपऱ्याजवळ, दांड्याच्या जरा अलीकडं नेऊन टेकवलं. मावशींनी वाटीतलं पाणी बोटानं तिथल्या सालीला लावलं. थांबल्या. पुन्हा लावलं. साल मऊ झाल्यावर अंगठ्यानं ती हळूहळू आत दाबली. धाटाची साल हट्टी असते, सोडली की परत वर येते. म्हणून त्या अंगठा तसाच धरून बसल्या. चहा आला, गार झाला. चिमाबाई शेजारी बसून राहिल्या. मावशींनी अंगठा काढला तेव्हा खळगा राहिला होता.

दसरा आला. आदल्या दिवशी कंपनीत आमच्या मशिनींची पूजा झाली होती. सकाळी खाली चौकात भाडेकरूंच्या मोटारसायकली धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. धनेश म्हणाला, घरात दुःख आहे, यंदा आपल्याकडं सण नको.

"सन नगं," मावशी म्हणाल्या. "पर गाड्यांची पूजा व्हईल."

चौकात पाट मांडले. धनेशनं ओम्नी आणली, कुलदीपनं ट्रॅक्स आणली. जीप मावशींनी स्वतः जिन्यावरून खाली आणली, एकेक पायरी थांबत, कुणालाही हात लावू न देता. दीड वितीची जीप. विजयश्रीनं विचारलं, "आई, मागच्या पायरीवर तात्यांची छोटी बाहुली करून ठेवायची का?"

"नगं. मी गाडी करते. मानूस मला कुटं जमायचा."

हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची एकेक पाकळी ठेवली, कारण अख्खं फूल ठेवलं तर जीप झाकून गेली असती. मग माणसं यायला लागली. गणराज बायकामुलांना घेऊन आला, मास्तर आले, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशी पुष्कळ जण आली. आपट्याची पानं देऊन झाली की प्रत्येक जण जीपपाशी जाऊन आधी उभा राहायचा आणि मग उकिडवा बसायचा. चौकात एवढी माणसं असून आवाज असा नव्हता. शेजारच्या कंपनीचे ट्रक बाहेरून जात होते, तेवढाच.

शेवटी मावशी स्वतः जीपच्या मागं गेल्या. भिंतीला धरून खाली बसल्या आणि बघत राहिल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

"चांगली दिसती की गं मागनं," त्या मला म्हणाल्या. "ह्यांनी कवा सांगितलंच न्हाई." आणि मग माझा दंड धरून म्हणाल्या, "तू आजून आतनं बघितली न्हाईस. खाली वाक. गाल टेक फरशीला."

नवी साडी होती अंगावर, पण मी पालथी पडले आणि गाल थंड फरशीवर टेकवला. एक डोळा मिटून मागच्या पायरीवरून आत पाहिलं. दोन्ही बाजूंनी बाक लांबवर गेले होते. एकाचं रेक्झिन फाटलेलं होतं. पडद्याचा तुटका बंद लोंबत होता. बाकांच्या टोकाला ड्रायव्हरच्या सीटची पाठ, तिच्यापुढं स्टिअरिंग, आणि त्याच्यापुढं काचेच्या चौकटीतून येणारं सकाळचं ऊन. त्या उन्हात भेंडाचे बारीक कण तरंगत होते, रस्त्यावरची धूळ तरंगावी तसे. हे सगळं आईनं बांधून दिलेल्या आणि मी कचऱ्यात टाकायला निघालेल्या धाटांच्याच जातीचं होतं, हे मला कळत होतं आणि तरी पटत नव्हतं. मला उठावंसं वाटेना. माझ्यामागं माणसं थांबली होती, पण कुणी घाई करत नव्हतं.

मग पाठीवर एक हात पडला. चिमाबाईंचा.

"सरक की गं आता," त्या म्हणाल्या. "मला माझ्या जागंवर बसू दे."